बाभळींवरची वसाहत: आधी पाणी राखा, मग झाडं

प्रश्न थोडक्यात असा आहे. उजनीच्या पट्ट्यातल्या एका गावच्या पाझर तलावात बुडीत बाभळी आहेत. थंडी सरली की त्यांवर चित्रबलाक आणि राखी बगळे घरटी करतात, पावसाळ्यात गायबगळे, ढोकरी आणि छोटे पाणकावळे येतात. निम्म्या बाभळी वाळल्या आहेत. यंदा गाळ काढायचं घाटतंय, मासेमारीचा ठेकेदार कुरकुरतोय, वळवाच्या पावसात पिल्लं खाली पडली. करायचं काय, टाळायचं काय, आणि घरटी मोजायची कशी?

सगळ्यांचं लक्ष वाळलेल्या बाभळींकडे आहे. माझ्या मते ते दुसऱ्या नंबरचं काम आहे. पहिलं काम झाडांखालचं पाणी.

हे पक्षी पाण्यातल्या झाडावर येतात ते झाडाच्या जातीसाठी नव्हे. बुंध्याभोवती पाणी असलं की रानमांजर, मुंगूस, घोरपड, कोल्हा, गावचं कुत्रं आणि शेवटी माणूस, यांतलं कोणी सहज वर चढत नाही. पाणी आटलं की हा पहारा उठतो. अंडी असताना आटलं तर वसाहत सोडून दिली जाते. पिल्लं मोठी असताना आटलं तर पक्षी टिकून राहतात, पण खाली पडलेलं प्रत्येक पिल्लू कुत्र्याच्या तोंडी जातं, आणि दोन-चार दिवसांत कुत्र्यांना ती वाट पाठ होते. आपल्याकडे वसाहती गावातल्या चिंचांवरही असतात. इंदापूरला तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करतात, तर कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातलं कोक्करे बेल्लूर गाव त्यासाठीच ओळखलं जातं. तिथे पाण्याचं काम माणसांची वर्दळ आणि राखण करते. तुमच्या तलावाजवळ तशी वस्ती नाही, म्हणून तुमचा पहारेकरी पाणीच.

आता हिशेब करा. चित्रबलाकाच्या एका जोडीला घरटं बांधण्यापासून पिल्लू उडेपर्यंत साधारण शंभर दिवस लागतात: घरट्याला आठवडाभर, अंडी उबवायला सुमारे ३० दिवस, पिल्लू उडायला ६० ते ७०. सगळ्या जोड्या एकाच दिवशी सुरू होत नाहीत. पहिली आणि शेवटची यांत काही आठवड्यांचं अंतर पडतं. म्हणजे वसाहतीला पाणी हवं फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, किमान १२० दिवस. दख्खनच्या उन्हाळ्यात उघड्या तलावाचं पाणी दिवसाला सरासरी ८ मिलिमीटर तरी बाष्प होऊन जातं, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. हे झालं जवळजवळ एक मीटर, तेही कोणी एक घागर न उपसता. त्यात पाझर धरा आणि काठावरच्या मोटारी धरा. शेवटी झाडांपाशी एक मीटर पाणी उरायला हवं असेल, तर फेब्रुवारीत दोन मीटरच्या बरंच वर असायला हवं. बहुतेक पाझर तलावांत ते नसतं, आणि आडाखा इथेच चुकतो. जानेवारीत तलाव भरलेला दिसतो, कोणाला काळजी वाटत नाही, मेच्या दुसऱ्या आठवड्यात चिखल उघडा पडतो.

म्हणून दोन खर्च नसलेली कामं आधी करा. एक, वसाहतीजवळ खोल जागी सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेला खांब रोवा आणि दर सोमवारी आकडा लिहा. एका उन्हाळ्याच्या नोंदीतून तुमच्या तलावाचं रोजचं उतरणं कळतं. त्यातून बाष्पाचे ८ ते १० मिलिमीटर वजा करा, उरलेलं पाझर आणि उपसा. दोन, ग्रामसभेत उपशाची एक रेघ ठरवा. खांबावर तांबडी खूण. पाणी त्याखाली गेलं की मोटारी बंद. ही रेघ शेतकऱ्यांना मान्य होईल अशीच ठेवा. फार वर ठेवली तर रात्री मोटारी चालतात आणि ठराव कागदावर राहतो.

गाळ काढण्याबद्दल. मी सरसकट विरोधात नाही. नीट काढला तर गाळ वसाहतीचं आयुष्य वाढवतो, वाईट काढला तर एका हंगामात संपवतो. पाझर तलावातला गाळ तळाला चिकट थर धरून असतो, त्यामुळे पाणी जिरायचा वेग कमी होतो. पोकलेनने तो पूर्ण खरवडून मुरूम उघडा केला की विहिरींना पाणी चढतं, गावाला आनंद होतो, आणि तलाव मात्र महिनाभर आधी कोरडा पडतो. पाझर तलावाचा हेतूच जिरवणं असल्याने कोणाला दोष देता येत नाही. म्हणून तलावाचे दोन भाग माना. वसाहतीपासून दूरचा भाग विहिरींसाठी, तिथे मुरुमापर्यंत जाऊ द्या. वसाहतीभोवतीचा भाग पाणी धरण्यासाठी, तिथे तळाशी किमान ३० सेंटिमीटर गाळ शिल्लक ठेवायचाच.

वसाहतीभोवती खंदक खणा, खोलगट तळं नको. बाभळींचा पुंजका समजा ६० बाय ४० मीटरचा आहे. कडेच्या बुंध्यांपासून १० मीटर जागा सोडायची, कारण त्याच्या आत यंत्र गेलं की मुळं तुटतात आणि पुढच्या वळवात झाड आडवं होतं, घरट्यांसकट. त्या बाहेर वर ९ मीटर रुंद, तळाशी ३ मीटर, दीड मीटर खोल, दोन्ही बाजूंना १:२ उतार असा चर. मध्यरेषेवर त्याची लांबी सव्वातीनशे मीटरच्या आसपास येते आणि गाळ निघतो सुमारे २,८५० घनमीटर. ट्रॉलीत ३ घनमीटर धरले तर साडेनऊशे खेपा. शेतकरी गाळ न्यायला तयार असतात, तेव्हा उचल हा प्रश्न नाही. प्रश्न असतो देखरेखीचा. खणण्याआधी चराच्या रेषेवर दर ३० मीटरला हाताने चाचणी खड्डा घ्या आणि मुरूम किती खोल लागतो ते पाहा. जिथे गाळ एक मीटरच आहे तिथे चर ७० सेंटिमीटरच खोल करा आणि रुंदी वाढवा. पोकलेनवाल्याला सरळ भिंत कापायला सोयीचं पडतं आणि खेपेवर पैसे असले की तो खोलच जातो, म्हणून रोज संध्याकाळी एकाने पट्टी लावून मापं घ्यायची.

दुसरी चूक म्हणजे काठ सपासप उभे करणं. चित्रबलाक पाण्यात उभा राहून अर्धवट उघडी चोच बुडवतो, पायाने तळ ढवळतो आणि चोचीला मासा लागला की मिटतो. वीतभर पाण्यात त्याचं हे काम चांगलं चालतं, छातीएवढ्या पाण्यात चालत नाही. बगळ्यांचंही तेच. म्हणून तलावाची एक पूर्ण बाजू, शक्यतो ओढा येतो ती, यंत्राला बंद ठेवा. तिथला उतार आहे तसा उथळ राहू द्या. पाणी जसजसं उतरतं तसतशी ही उथळ पट्टी सरकत जाते आणि चिलापीची पिल्लावळ तिथे अडकते. उजनीच्या पट्ट्यात ही वीण भर उन्हाळ्यात होण्यामागे मोठं कारण हेच: धरणाचं पाणी ओसरतं आणि मासे उथळात गोळा होतात. उत्तर भारतात हेच पक्षी पावसाच्या अखेरीस घरटी करतात, म्हणून तिकडचं वेळापत्रक इकडे लावू नका. तुमच्याकडेही पाण्यानुसार महिनाभर मागेपुढे होईल.

काम कधी करायचं? इथे पेच आहे. गाळ काढायचे महिने मार्च ते जून, आणि चित्रबलाकांचे महिने तेच. पावसाळ्यात छोट्या पक्ष्यांची पाळी. खंदकाचं काम करायला खरा मोकळा वेळ मिळतो तो दुष्काळी वर्षी, जेव्हा तलाव डिसेंबरातच खाली जातो आणि पक्षी येतच नाहीत. आराखडा, मापं, ठराव तयार ठेवून त्या वर्षाची वाट पाहणं शहाणपणाचं. चांगल्या पावसाच्या वर्षी फक्त दूरचा भाग, वसाहतीपासून किमान २०० मीटर सोडून, उजाडल्यापासून दुपारपर्यंत, आणि ट्रॉल्यांचा रस्ता विरुद्ध काठाने. पक्षी चोचीत काड्या घेऊन येताना दिसू लागले की त्या भागातलं यंत्र थांबवायचं. जोडी जमणं आणि अंडी घालणं या पहिल्या तीन आठवड्यांत त्यांचा पाय अजून रोवलेला नसतो. याच काळात थोड्या त्रासाने पूर्ण वसाहत उठून जाते.

आता झाडं. बाभूळ काही महिने पाण्यात तग धरते, वर्षभर नाही. सलग दोन-तीन वर्षं तलाव आटलाच नाही तर ती बुडूनच मरते. विष्ठेने झाडं मरतात हे खरं आहे, पण ते मुख्यतः कोरड्या जमिनीवरच्या झाडांचं. तिथे विष्ठा मुळांपाशी साचते, पानांवर पांढरा लेप बसतो. पाण्यातल्या बाभळीखाली ती पाण्यात विरते. तेव्हा वाळण्याचा दोष आधी पाण्याच्या मुक्कामाला द्या.

वाळलेली झाडं तोडू नका. निष्पर्ण बाभूळही काही वर्षं घरटी पेलते आणि चित्रबलाकांना उघड्या शेंड्यावर उतरणं सोपं जातं. मात्र तिच्या फांद्या ठिसूळ होत जातात आणि वळवाच्या वावटळीत घरट्यासकट मोडतात. तुमची पडलेली पिल्लं बहुधा याच झाडांवरची. म्हणजे वाळलेलं झाड ही मुदत आहे, आणि त्या मुदतीत नवं झाड उभं करायचं आहे.

नवी झाडं मातीच्या उंचवट्यांवर लावतात. भरतपूरच्या केवलादेवमध्ये आणि तामिळनाडूच्या अनेक तळ्यांत बाभळींचे असे पुंजके पक्ष्यांनी भरलेले असतात. तुमच्या खंदकातूनच माती मिळते. उंचवटा तळाशी १० मीटर व्यासाचा, माथ्यावर ४ मीटर, दीड मीटर उंच: एकाला सुमारे ६० घनमीटर म्हणजे वीस ट्रॉल्या. काळी माती भिजली की बसते, म्हणून पाव हिस्सा जास्त टाका. नुसत्या गाळाचा केला तर पहिल्याच पावसाळ्यात लाटांनी पसरतो. गाभा मुरुमाचा ठेवा, वरचं अर्धा मीटर गाळाचं, आणि वाऱ्याच्या अंगाला दगडाचं पिचिंग. जागा अशी निवडा की तलाव भरल्यावर माथा हातभर पाण्यावर राहील. माथा बुडाला तर रोपं बुडतात, आणि बाभळीचं लहान रोप शेंड्यापर्यंत पाण्याखाली गेलं की वाचत नाही.

एका उंचवट्यावर पाच ते सात बाभळी पुरे. दाट लावल्या तर सरळ वाढतात आणि घरट्यांना लागणारा आडवा फाटा देत नाहीत. रोपं जूनच्या पहिल्या पावसात लावा, दीड मीटर उंचीची. बियांपासून करायची असतील तर शेळ्यांना शेंगा खाऊ घालून लेंड्यांतलं बी घ्या, ते लवकर उगवतं. त्याच शेळ्या पुढे पहिले दोन उन्हाळे सगळ्यांत मोठा शत्रू. पाणी उतरलं की त्या उंचवट्यावर पोहोचतात. काटेरी फांद्यांचं कुंपण दर वर्षी नवं करावं लागतं, आणि योजना बहुतेक इथेच मरतात, कारण लावायला निधी मिळतो, राखायला मिळत नाही. घरटी पेलण्याजोगं झाड व्हायला सहा ते आठ वर्षं धरा. मधल्या काळासाठी बांबूचे तिकाटणे, वर ६० सेंटिमीटर व्यासाची जाळीची कडी आणि त्यात थोड्या काड्या, अशी बैठक चालू शकते. बांबू दोन-तीन हंगाम टिकतो. पक्षी ती घेतील याची खात्री नाही. झाडांऐवजी म्हणून ती करू नका. काठाला करंज, जांभूळ, अर्जुन लावा. तामिळनाडूतल्या वेदान्थंगलच्या पक्षी अभयारण्यात ज्या समुद्रफळाच्या झाडावर घरटी असतात ते पाण्यात बाभळीपेक्षा चिवट आहे, पण वाढीला संथ.

मोजणी. काठावरून, दुर्बिणीने, कधीही झाडाखाली जाऊन नाही. काठावर दोन किंवा तीन कायमच्या जागा निवडा, खुणेचा दगड ठेवा, आणि प्रत्येक जागेवरून दिसणाऱ्या झाडांचा रेखाटलेला नकाशा करा. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या, नकाशावरच. बुंध्याला पाट्या ठोकायला जाऊ नका. मग झाडामागून झाड, जातीवार, फक्त चालू घरटी मोजायची. चालू घरटं म्हणजे ज्यात पक्षी बसलेला आहे, जोडी उभी आहे किंवा पिल्लं आहेत. रिकामा काड्यांचा ढीग धरायचा नाही. दोघांनी एकमेकांचे आकडे न बघता मोजायचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर तिथेच पुन्हा. दर पंधरा दिवसांनी सकाळी ७ ते ९ या वेळात, ऊन पाठीशी ठेवून. वर्षाचा आकडा म्हणजे सगळ्या मोजण्यांची बेरीज नव्हे, सर्वांत मोठी मोजणी. बेरीज करून बातमी देणारे दर वर्षी भेटतात, आणि पुढच्या वर्षी तेच ‘पक्षी घटले’ म्हणून ओरडतात.

नुसती घरटी मोजून काही कळत नाही, हे माझं ठाम मत. नीट दिसणारी तीस-चाळीस घरटी निवडा, प्रत्येकाचा त्याच जागेवरून त्याच झूमने पंधरवड्याला फोटो घ्या, आणि शेवटी घरट्यामागे किती पिल्लं उडण्याच्या वयाला पोहोचली ते काढा. चित्रबलाक बहुतेक तीन ते चार अंडी घालतो. पहिल्या अंड्यापासूनच उबवणी सुरू होत असल्याने पिल्लं एकापाठोपाठ एक निघतात आणि धाकटं अन्नाच्या ओढाताणीत मागे पडतं. ते मेलं तर ती आपत्ती नाही, दर वर्षीचंच आहे. चांगल्या वर्षी दोन, क्वचित तीन वाढतात. हा आकडा एकाच्या खाली गेला तर आधी उथळ पाणी आणि मासे तपासा. दाणेदार औषधं आणि फवारण्यांनी शेतातले बेडूक, गोगलगाई, टोळ संपले असतील तर ते गायबगळ्यांच्या आणि मुग्धबलाकांच्या आकड्यांत आधी दिसतं.

ड्रोनबद्दल विचारणा होतेच. वसाहतीवर खाली उतरवलेला ड्रोन म्हणजे त्यांच्या लेखी घार. प्रौढ पक्षी एकदम उठतात, आणि कावळे त्याच क्षणाची वाट बघत फांदीवर बसलेले असतात. मिनिटा-दोन मिनिटांत अंडी जातात. एप्रिलच्या दुपारी तर नुसतं ऊनच पुरेसं आहे. दुर्बिणीतून कधी दुपारी एक वाजता बघा: चित्रबलाक घरट्यात बसलेला नसतो, सूर्याकडे पाठ करून उभा असतो, पंख अर्धे उघडून, आणि पिल्लं त्याच्या सावलीत चोची उघडून धापा टाकत असतात. जोडीदार तलावातून घशात पाणी भरून आणतो आणि पिल्लांच्या अंगावर ओततो. अशा वेळी त्या पक्ष्याला वीस मिनिटं घरट्यावरून उठवलं तर पंख न फुटलेली पिल्लं तापून मरतात. म्हणून नियम सोपा: १०० मीटरच्या आत कोणी नाही, सकाळी १० ते संध्याकाळी ५ तर होडीही नाही. फोटोवाल्यांना हाच नियम, त्यांची लेन्स केवढीही असो.

हेच पाण्याच्या पहाऱ्याचं गणित जमिनीवर घरटी करणाऱ्यांना आणखी कडक लागतं. नदी सुरय उघड्या बेटांवर, खड्ड्यात अंडी घालतात. पाणी उतरून बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री आणि गुरं, आणि अचानक पाणी सोडलं की अंडी बुडाली. चंबळ नदीत पाणचिरा हा पक्षी याच दोन कात्रींत सापडलेला आहे. तुमच्या तलावात उघडी बेटं होत असतील तर तिकडे लोकांना १०० नव्हे, २०० मीटरवर थांबवा, आणि शेळ्यांना वेगळा रस्ता द्या.

मासेमारीचा ठेका. ठेकेदार पूर्ण खोटं बोलत नाही. पाणकावळे बोटुकली खातात. पण उपाय फटाके नाहीत. बीज सोडताना अर्धबोटुकलीऐवजी १०० मिलिमीटरच्या पुढची बोटुकली सोडा. ती महाग पडते, पण जगते जास्त. बीज खोल बाजूला, वसाहतीच्या विरुद्ध काठाला, अंधार पडल्यावर सोडा. आणि तंगुसाची जाळी बाभळींपासून १०० मीटर लांब. बुडी मारणारे पाणकावळे त्यात अडकून गुदमरतात, आणि फाटकी जाळी बाभळीला लटकत राहिली तर चित्रबलाकाच्या पायाला गुंडाळते. पक्षी घरट्याला काड्यांबरोबर दोरे आणतात, पिल्लाच्या पायात ते रुततात. ठेक्याच्या अटींत ‘तुटकी जाळी काठावर आणून जमा करणे’ हे एक वाक्य घाला.

पडलेली पिल्लं. आधी बघा ती कोणती. पंधरा-वीस दिवसांचं बगळ्याचं पिल्लू फांद्यांवर चढतं-उतरतं. ते खालच्या फांदीवर असेल तर पडलेलं नाही, हात लावू नका. पाण्यात पडलेलं पिल्लू काठाला आलं, जखम नाही, तर टोपलीत मऊ गवत घालून ती त्याच झाडाच्या खालच्या फाट्याला बांधता येते, पण ते फक्त होडीतून, संध्याकाळी, दहा मिनिटांत होत असेल तरच. एका पिल्लासाठी पन्नास घरटी उठवणं परवडत नाही. दुसऱ्याच्या घरट्यात टाकू नका, तिथली पिल्लं टोचून मारतात.

पकडताना आधी डोक्यावर सुती कापड, मग चोच धरायची. बगळ्याची चोच सरळ डोळ्यावर येते, चष्मा घाला. खोक्यात ठेवा, भोकं पाडा, अंधार ठेवा. पाणी चोचीत ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. चपाती, दूध, भात काही नाही. द्यायचंच तर बोटाएवढे अख्खे मासे समोर टाकायचे. आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन. घरी वाढवणं कायद्यानेही चालत नाही, आणि माणसाला चटावलेलं पिल्लू पुढे रानात टिकत नाही. कोक्करे बेल्लूरला पडलेल्या पिल्लांसाठी गावातच बंदिस्त आवार केलं होतं, ते वनखात्याच्या संमतीने. तुमच्याकडे दर वर्षी बरीच पिल्लं पडत असतील तर तसा प्रस्ताव द्या.

एकेकटं पिल्लू मरणं वेगळं. मोठे पक्षी एकाच वेळी मान टाकून, पंख लोळवून, उडता न येता काठाला पडलेले दिसले तर बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या बाधेचा, संशय घ्या. २०१९ च्या नोव्हेंबरात सांभर सरोवरात याने हजारो पक्षी मेले. आटत्या, तापलेल्या पाण्यात मेलेल्या माशांवर आणि पक्ष्यांवर जंतू वाढतात, त्यावरच्या अळ्या दुसरा पक्षी खातो, असं चक्र चालतं. म्हणून मेलेलं काहीही त्याच दिवशी उचलायचं, हातमोजे आणि मास्क घालून, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. पण पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. बर्ड फ्लूची शंका फिटल्याशिवाय उघड्या हातांनी कोणी काही उचलू नये. त्याचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात.

कागदपत्रं. पाणथळ नियम २०१७ वर विसंबू नका. सिंचनासाठी बांधलेले मानवनिर्मित तलाव त्यातून वगळलेले आहेत. तुमचा भक्कम आधार म्हणजे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२. त्यात ‘शिकार’ या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. चालू घरट्यांचं झाड पाडणं हे म्हणून फक्त वृक्षतोडीचं प्रकरण राहत नाही. २०२२ साली केरळात मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गासाठी असं झाड पाडलं, पिल्लं मेली, आणि वनखात्याने याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला. शेतकऱ्याच्या चिंचेवर घरटी असतील तर मात्र कायदा दाखवून काही होत नाही. उत्पन्न बुडतं ते त्याचं. कोक्करे बेल्लूरला झाडमालकांना चिंच न उतरवण्याचा मोबदला मिळतो, म्हणून ती झाडं उभी आहेत. वेदान्थंगलच्या शेतकऱ्यांना विष्ठेने सकस झालेलं तळ्याचं पाणी मिळतं. तिथल्या राखणीला अठराव्या शतकाच्या शेवटी कलेक्टरने दिलेल्या लेखी हमीपर्यंतचा इतिहास आहे.

ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असेलच. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत वसाहत नकाशासह चढवा, आणि ठरावात चारच गोष्टी लिहा: उपशाची तांबडी रेघ, १०० मीटरची हद्द, गाळाची मापं आणि महिने, ठेक्यातली जाळ्यांची अट. ठरावाची प्रत तलाव ज्या खात्याचा आहे त्याला, म्हणजे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारेला किंवा मृद व जलसंधारण विभागाला, आणि एक वनपरिक्षेत्र कार्यालयाला, पोचपावती घेऊन. यंत्राची वर्कऑर्डर निघते ती तिथून. निघून गेल्यावर केलेला अर्ज फाइलीत जातो आणि पोकलेन तळ्यात.